खाडीतलं डोहाळजेवण

डोहाळजेवण नावेतलं करायचं हे नेमकं कोणी ठरवलं, याचा छडा सुनंदाला शेवटपर्यंत लागला नाही. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्तातली साखर मोजणारी बाई. एखाद्या गोष्टीचा उगम सापडला नाही की तिला जेवण गोड लागत नसे. तिने चौकशी केली तेव्हा नवरा हरिश्चंद्र म्हणाला, राजन म्हणाला होता. दीर राजन म्हणाला, सुरेखाताई म्हणाल्या होत्या. आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मालवणच्या नर्स सुरेखाताई म्हणाल्या, "मी? मी म्हटलं, करायचं तर नीट करा. नावेचं नाव काढलं ते तुमच्या घोवानं, हरिश्चंद्रानं!"

जिचं डोहाळजेवण ती लता, राजनची बायको, तेवढी काहीच म्हणाली नव्हती. ती सोफ्यावर बसून जो बोलेल त्याच्याकडे बघत होती.

सुरुवात तशी निरुपद्रवी होती. डोहाळजेवण चांदण्यातलं करतात, बागेतलं करतात, झोपाळ्यावरचं करतात, नाहीतर नावेतलं. कुवेतमध्ये मे महिन्यात चांदण्यातही घाम फुटतो. बाग म्हणावी तर फरवानियात, त्यांच्या वस्तीत, रस्त्याच्या मधोमध लावलेली सहा झाडं. झोपाळ्यासाठी छताला कडी ठोकायची तर घरमालकाची लेखी परवानगी. राहिली नाव. राजनने एका दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं आणलं.

हरिश्चंद्र रिफायनरीत इंजिनियर होता. पुठ्ठ्याची झाली तरी नाव ती नाव, असं म्हणून त्याने तिचे तीन आराखडे काढले: समोरून, बाजूने आणि वरून. दोन संध्याकाळी कापाकापी झाली. लताला रंगीत तालमीसाठी आत बसवलं आणि तिने नुसती कूस बदलली तशी नावेची डावी बाजू उसवली. पुठ्ठ्याला काय बोल लावणार? आणि लताला बोल लावायची तर कोणाचीच प्राज्ञा नव्हती.

"भाराचा अंदाज चुकला," हरिश्चंद्र एखाद्या तिऱ्हाइताची चूक सांगावी तसा म्हणाला. "आता खरीच नाव आणू. हाकेच्या अंतरावर समुद्र असताना पुठ्ठ्यात कसलं बसायचं?"

इथून इमारतीतल्या प्रत्येक मजल्याने सल्ला द्यायला सुरुवात केली. दुसरा मजला म्हणाला, गरोदर बाईने लाटांवर जाऊ नये. चौथा म्हणाला, लाटा नसलेला समुद्र शोधा. पहिल्या मजल्याने असा समुद्र शोधूनही दिला: शहराच्या पश्चिमेला दोहा गावाजवळची उथळ, संथ खाडी. हे दोहा आपलं, कुवेतमधलं; ते दुसरं वेगळं. तिथं एका दाभोळच्या माणसाची लांबट, अरुंद, सपाट बुडाची होडी होती. ती माणूस चालेल त्या वेगाने चालते आणि आतल्या वाटीतलं वरण हिंदकळत नाही, अशी तिची ख्याती.

मग परवानगी. किनाऱ्यावरच्या चौकीचा अर्ज अरबीत भरायचा होता. तो सुनंदाच्या प्रयोगशाळेतली कारकून रुकय्या हिने भरला. अर्जात 'प्रवासाचं कारण' असा एक रकाना होता.

"काय लिहू?" रुकय्याने विचारलं.

सुनंदाने इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं. रुकय्याने पेन खाली ठेवलं. "म्हणजे जेवण ज्याच्यासाठी, तो अजून जन्मला नाही?"

"नाही. जेवण त्याच्या आईला. तिला जे जे खावंसं वाटतं ते द्यायचं, तिच्या सगळ्या इच्छा पुऱ्या करायच्या."

"आणि तिला होडीत जायची इच्छा आहे?"

"हो," सुनंदा म्हणाली. हे उत्तर तिने तपासलेलं नव्हतं. पण त्या वेळी तिच्या ते लक्षातही आलं नाही.

चौकीतल्या अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला, सुनंदाकडे बघितलं, अर्ज तिसऱ्यांदा वाचला आणि माणसं पाच की सहा असं विचारलं. होडीवाला धरून सहा, असं कळल्यावर त्याने लताच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं आणि शिक्का मारला. पहिल्या शुक्रवारी धुळीचं वादळ आलं. दुसऱ्या शुक्रवारी होडीवाल्याच्या कागदावर शिक्का नव्हता. उरला तिसरा शुक्रवार.

आता तिसऱ्या शुक्रवारची अडचण अशी. लताचं माहेर साताऱ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे तिच्या आईने राजनकडून बोहल्यावर चढण्याआधी वदवून घेतलं होतं. विमान कंपनीचा नियम असा की बत्तीस आठवडे पुरे झाले की गरोदर बाईला विमानात घ्यायचं नाही. लताचे बत्तीस आठवडे शनिवारी पुरे होत होते. तिचं मुंबईचं विमान शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता होतं. ते चुकलं तर लता कुवेतमध्ये बाळंत होणार, आई साताऱ्यात डोळ्यांत प्राण आणून बसणार आणि राजनला सासुरवाडीचा उंबरा जन्मात ओलांडता येणार नव्हता.

"विमानाच्याच दिवशी?" सुनंदा म्हणाली.

"सकाळी साडेआठला निघायचं, बाराला परत," हरिश्चंद्र म्हणाला. "मध्ये सात तास आहेत. सात तासांत माणूस लंडनला पोचतो."

"पण भरती-ओहोटी?"

"त्याची कसली चिंता!" सुरेखाताई म्हणाल्या. "तिथीची पावणपट करायची नि झालं. जो आकडा येईल तितक्या वाजता भरती. माझो बापूस जल्मात घड्याळाक इचारूक गेलो नाय."

शुक्रवारी चतुर्दशी होती. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साडेदहाला पूर्ण भरती. जातानाही पाणी, येतानाही पाणी. सुनंदा अशा ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. मुंबईहून आलेले पापड ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले होते त्यांत भरतीच्या वेळा छापलेल्या होत्या. तिने अकरा दिवसांच्या वेळा काढल्या, पंचांगातल्या तिथी काढल्या आणि पेन्सिलीने तक्ता आखला. नियम वीस मिनिटांच्या आत बरोबर ठरला. अकरापैकी अकरा वेळा! सुनंदाला इतका धक्का बसला की तिने चहा निवू दिला. एम.एस्सी.ला दोन वर्षं घालवून जे हाती लागलं नाही ते सुरेखाताईंच्या बापसाला होडी लोटता लोटता सापडलं होतं.

त्यावर हरिश्चंद्राने हरकत घेतली, की कुवेतचं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे, तेव्हा अडीच तास वजा करायला हवेत. सुनंदाने त्याला समजावलं, की चंद्र कुवेतच्या डोक्यावर येतो तो कुवेतच्या वेळेने. वजाबाकी करायचं कारण नाही. दोघं दोन दिवस एकमेकांशी जेवणापुरतंच बोलत होती. शेवटी सुनंदा जिंकली. विचार इतका बारीक झाला, की आकडे कुठल्या बंदरातले आहेत हा ढोबळ प्रश्न मनात यायला जागाच उरली नाही.

हा प्रश्न मुस्तफाच्या मनात मात्र आला. मुस्तफा म्हणजे होडीवाला. शुक्रवारी सकाळी साडेआठला तो खाडीच्या काठावर पाण्याकडे बघत उभा होता.

"बाय, पानी उतरतंय," तो म्हणाला. "आज ऱ्हाऊ द्या."

सुनंदाने वही उघडून तक्ता दाखवला. मुस्तफाने तो आदराने बघितला.

"हा हिशेब मला म्हाईत हाय. माझा आजा बी हाच करायचा. पन तो दाभोळचा दर्या. हितला पानी हितल्या चालीनं चालतो."

"समुद्र एकच असतो, मुस्तफाभाई. चंद्रही एकच."

"चंद्र एकच, हे खरा," मुस्तफा म्हणाला. त्याने लताकडे बघितलं, सुरेखाताईंच्या हातातल्या डब्यांच्या चळतीकडे बघितलं, सुनंदाच्या चष्म्याकडे बघितलं. "बरा. शिकलेल्या बायमानसाशी मी काय वाद घालू? बसा."

पहिला दीड तास असा गेला, की सुनंदाला पुढे कित्येक वर्षं त्याबद्दल अपराधी वाटत राहिलं, कारण तिला तो फार आवडला. होडी पाण्यावरून गुळगुळीत सरकत होती. काठावरच्या पडक्या भिंती, वाळत घातलेली जाळी, एकेका पायावर उभे असलेले पांढरे पक्षी, सगळं सावकाश मागे जात होतं. ऊन होतं, पण वर चादरीचं छत होतं. लताने हिरवी साडी नेसली होती, हातभर हिरवा चुडा होता. सुरेखाताईंनी ओटी भरली. मसालेभात, पुरणपोळी, अळूवडी आणि थर्मासातला मठ्ठा बाहेर आला. राजनला नाव घ्यायला लावलं, तेव्हा तो उभा राहायला गेला आणि मुस्तफाने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. बसूनच त्याने नाव घेतलं:

"रिफायनरीत दादा काढतो तेल, आडातनं निघतं पाणी,
लताचं नाव घेतो, ती माझ्या तीन खोल्यांची राणी."

"अडीच," हरिश्चंद्र म्हणाला. "तिसरी अर्धीच आहे."

मग दोन झाकलेल्या वाट्या लतापुढे ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. लताने डाव्या वाटीवरचं झाकण उचललं. उन्हाने आतला पदार्थ पातळ झाला होता. उजवीतलाही तसाच होता. सगळे सुनंदाकडे बघायला लागले. तिने चमच्याच्या टोकाने दोन्ही पदार्थ चाखले.

"निष्कर्ष काढता येत नाही," ती म्हणाली.

"पण काय शांत खाडी आहे, बघा तरी!" सुरेखाताई म्हणाल्या. "मघापासून होडी हललीसुद्धा नाही. कशी घरच्या पाटावर बसल्यासारखी वाटते."

सुनंदाने घड्याळात बघितलं. बरोबर साडेदहा वाजले होते. पूर्ण भरतीची वेळ. ती समाधानाने कडेवरून खाली वाकली, तर होडीच्या शेजारून एक खेकडा चालला होता. तो पोहत नव्हता. चालत होता.

"हे शक्य नाही," सुनंदा त्याला म्हणाली.

खेकड्याने थांबून तिच्याकडे बघितलं आणि तो पुढे गेला. त्याच्या पुढे चिखल होता. चिखलाच्या पुढे आणखी चिखल होता, ओला, चकचकीत, आणि पाऊण किलोमीटरवर तो किनारा, जिथून ते सगळे निघाले होते. मुस्तफाने मघाच इंजिन बंद केलं होतं. जेवणात व्यत्यय नको म्हणून तो बोलला नव्हता.

पुढचा अर्धा तास होडीत जे बोलणं झालं ते सगळं इथं देण्यासारखं नाही. हरिश्चंद्र म्हणाला, अडीच तास वजा केले असते तर. सुनंदा म्हणाली, अडीच तास वजा केले असते तर पहाटे यावं लागलं असतं. सुरेखाताई म्हणाल्या, त्यांच्या बापसाच्या नियमाला कोणी बोट लावायचं नाही, बापूस कधी कुवेतला आलाच नव्हता. राजन दर दोन मिनिटांनी "सातचं विमान" एवढंच पुटपुटत होता. सुनंदाला चिखलाचं एवढं काही वाटत नव्हतं. अकरापैकी अकरा वेळा बरोबर आलेला नियम तिच्या डोळ्यांदेखत बाराव्या वेळी असा तोंडघशी पडावा, आणि तोही एका गरोदर बाईला घेऊन, हे तिच्या पचनी पडत नव्हतं.

"मुस्तफाभाई, पाणी परत कधी येईल?" तिने शेवटी विचारलं. हा प्रश्न तिने सकाळी विचारला असता तर ही गोष्टच झाली नसती.

"मगरिबच्या नमाजाला. सूर्य बुडताना."

राजनने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

चालत जायचं तर चिखल गुडघाभर आणि निसरडा. "लता खाली पाय ठेवणार नाही," सुरेखाताईंनी निकाल दिला. त्या नर्स होत्या, पिशवीत ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन आल्या होत्या. त्यांनी लताचं प्रेशर घेतलं. "एकशे वीस, ऐंशी. अगदी छान. बाकीच्यांचं घेत नाही, उगाच घाबराल."

"मग बाय बसू दे," मुस्तफा म्हणाला. "आपन उतरू आनि ढकलू. बूड सपाट हाय, चिखलावर सरकेल."

सगळ्यांनी एकमेकांच्या कपड्यांकडे बघितलं. सुनंदाने लग्नातली नारायणपेठी नेसली होती. आपल्याच चुकीमुळे हे झालं, तेव्हा पहिली आपणच उतरायचं, असं तिने मनाशी ठरवलं, पदर खोचला, चष्मा दोरीने डोक्यामागे बांधला आणि पाय खाली टाकला. चिखल कोमट होता आणि त्याने तिची डावी चप्पल ताबडतोब ठेवून घेतली.

अशी ती मिरवणूक निघाली. मुस्तफा पुढे दोर घेऊन, मागे राजन आणि हरिश्चंद्र, दोन्ही बाजूंना सुनंदा आणि सुरेखाताई, आणि मध्ये चादरीच्या छताखाली, हिरव्या साडीत, ओटी भरलेली लता. तिच्या डोक्यावर ओला टॉवेल होता. ऊन बेचाळीस अंशांचं. दहा पावलं ढकलायचं, थांबायचं, मठ्ठ्याचा एकेक घोट घ्यायचा. हरिश्चंद्र पहिली शंभर पावलं घर्षणाबद्दल बोलला. मग तोंडात चिखल गेला आणि तो गप्प झाला. सुरेखाताई दर थांब्याला लताचं प्रेशर घेत आणि आकडा मोठ्याने सांगत. तेवढाच सगळ्यांना धीर.

"वहिनी, मी उतरू का?" लताने मध्येच एकदा विचारलं.

"गप्प बस!" पाचही जण एकदम ओरडले. मुस्तफासुद्धा.

किनाऱ्यावर शुक्रवारच्या सुटीचे लोक जमले होते. पाऊण किलोमीटर चिखलातून एक राणी चार घामाघूम माणसांकडून ढकलत आणली जातेय, हे बघून त्यांनी आधी चटया हलवून जवळ घेतल्या, मग कलिंगड कापलं. एकाने फोटोही काढला. सुनंदा या देशात नऊ वर्षं मान खाली घालून, वेळेवर कामावर जाऊन, कोणाच्या अध्यातमध्यात न पडता राहिली होती. त्या सगळ्या अब्रूचं तिने मनातल्या मनात तिथंच विसर्जन केलं. तीन वाजता होडी काठाला लागली तेव्हा टाळ्या पडल्या. एक म्हातारे कुवेती गृहस्थ पाण्याचा डबा घेऊन पुढे आले आणि त्यांनी सुनंदाच्या पायांवर पाणी ओतलं. तिला रडू आलं, पण चष्म्यावर चिखल होता म्हणून कोणाला दिसलं नाही.

चौकीतला अधिकारीही आला होता. परतीची वेळ बाराची दिली होती; तीन तास उशीर का, याचं लेखी कारण हवं होतं. सुनंदाने एकाच ओळीत लिहिलं: "समुद्राबद्दलची माझी माहिती चुकीची होती." अधिकाऱ्याने ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि लतासाठी स्वतःच्या गाडीचं दार उघडलं.

फरवानियाहून विमानतळ जवळ, हे एक बरं. घरी पोचले चारला. आंघोळीला वेळ नव्हता. लताचे तेवढे हातपाय पुसले, साडी बदलली. बाकीच्यांनी चिखल वाळू दिला. चार बॅगा, एक पिशवी लोणच्याची, आणि पाच वाजता सगळे काउंटरपुढे उभे. लोक दोन्ही बाजूंनी जरा अंतर ठेवून उभे राहिले होते. राजनच्या चेहऱ्यावर सकाळनंतर पहिल्यांदा रंग आला.

"पोचलो," तो म्हणाला. "वहिनी, पोचलो!"

काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर 'शहरबानू' अशी पाटी होती. तिने तिकीट बघितलं, पासपोर्ट बघितला, डॉक्टरचं प्रमाणपत्र बघितलं, तारीख बोटांवर मोजली. बत्तीसला एक दिवस कमी. मग तिने एक फॉर्म काढला.

"सात महिन्यांच्या वरच्या प्रवाशाला यावर सही लागते," ती हिंदीत म्हणाली. राजन भरायला पुढे झाला तशी तिने कागद मागे ओढला. "नहीं, नहीं, ये इनको खुद बोलना है. मैं पढ़ती हूँ, आप जवाब दीजिए." तिने लताकडे बघितलं. "क्या आप अपनी मर्ज़ी से सफ़र कर रही हैं?"

"नहीं," लता म्हणाली.

शहरबानूने वर बघितलं. तिला बहुधा या प्रश्नाचं हे उत्तर आजवर मिळालं नव्हतं. तिने तो पुन्हा वाचला.

"नहीं," लता पुन्हा म्हणाली, आता जरा मोठ्याने. "मला जायचंच नाहीये. मला इथं बाळंत व्हायचंय. इथं हे आहेत, वहिनी आहेत, खाली सुरेखाताई आहेत. आणि साताऱ्याच्या घरी मला एक महिना कोणी खोलीबाहेर येऊ देणार नाही."

सुनंदाला वाटलं आपल्या कानात चिखल गेला आहे.

"अगं, पण मग आधी का नाही बोललीस?" राजनचा आवाज चिरकला. "पाऊण किलोमीटर!"

"होडीत बोलणार होते. तुम्ही सगळ्यांनी गप्प बस म्हणून सांगितलंत."

"त्याच्या आधी!" हरिश्चंद्र म्हणाला. "महिनाभर सगळं ठरतंय!"

"ठरवत होता ना तुम्ही," लता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. ती फक्त घडलेलं सांगत होती. "मधे कसं बोलणार? मला कोणी विचारलंच नाही."

सुरेखाताईंनी सवयीने पिशवीतलं यंत्र काढलं आणि कोणाला लावायचं ते न कळून हातात धरून ठेवलं. सुनंदाने तिथी मोजल्या होत्या, मिनिटं मोजली होती, लताच्या रक्तातली साखर दर आठवड्याला मोजली होती. ज्या एका माणसाच्या इच्छेसाठी हे सगळं चाललं होतं त्या माणसाला मात्र तिने, एम.एस्सी. बाईने, साधा प्रश्न घातला नव्हता. तो विचारायला एका विमान कंपनीचा छापील फॉर्म लागला.

"मॅडम?" शहरबानू म्हणाली. "पीछे लाइन है."

राजनने बॅगा परत गाडीवर चढवायला सुरुवात केली. साताऱ्याला तार करायला हवी, तो म्हणत होता, आज विमानात नाही, हे मुंबईला कोणी उतरवून घ्यायला येण्याआधी कळवायला हवं. हरिश्चंद्राने तोवर मनात मजकूर तयारही केला होता: लता येत नाही, प्रकृती उत्तम, आपणच व्हिसा काढून यावं.

"थांबा," सुनंदा म्हणाली. तिने चष्मा काढला, पदराच्या एका कोरड्या कोपऱ्याने पुसला आणि परत घातला. "लता, तुझ्या आईंना इथं बोलवायचं का? तुला काय वाटतं ते सांग. आम्ही काही ठरवलेलं नाही."

लता तिच्याकडे बघतच राहिली. दिवसभरात तिला कशाचा धक्का बसला असेल तर तो याचा.

"विचार करून सांगते," ती म्हणाली आणि बॅगेवर बसली.

मग त्या गजबजलेल्या विमानतळावर, सुकलेल्या चिखलाने माखलेले ते चौघे जण लताचा विचार पुरा होईपर्यंत तिच्याभोवती चुपचाप उभे राहिले. मध्ये एकदा हरिश्चंद्राने तोंड उघडलं. सुरेखाताईंनी त्याच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळला आणि फुगवला.